आईची चौथी चौकट

बायकांनी बायकांसाठी काढलेल्या कॉमिक्सचा इतिहास म्हणे आता लिहिला जातोय. चर्चासत्रं होतात, भाषणं होतात. मी ऐकते आणि माझं डोकं तडकतं. त्या इतिहासातली एक चित्रकथा आमच्या हॉलमध्ये टांगलेली आहे आणि तिची कशी वाट लावली ते मी समोर बसून पाहिलंय.

आम्ही बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. फ्लॅट नवा, नळ नवे, फक्त नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की आई हंडा घेऊन खाली धावायची. लिफ्ट नव्हती आणि बाबांची कंबर नाजूक होती. ती फक्त टँकरच्या दिवशी दुखायची.

मी आठवीत असताना एका संस्थेने आमच्या महिला मंडळात चित्रकथांची कार्यशाळा घेतली. चार चौकटी काढायच्या, गोष्ट आपल्याच आयुष्यातली. मी वाचनालयातून आणून वाचायचे त्या कॉमिक्समध्ये बाई असलीच तर कुणीतरी सोडवायला येईपर्यंत ओरडायला असायची. त्यामुळे मला भारी उत्सुकता होती. आईने शाळा सुटल्यापासून रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं, मीच तिला ओढून नेलं.

पहिल्या चौकटीत तिने टँकरची रांग काढली. दुसरीत हंडा घेऊन जिना चढणारी बाई. तिसरीत बाथरूममध्ये तांब्यावर तांबे ओतणारा नवरा. चौथीत त्या बाईने भरलेला हंडा जिन्यावर उपडा केला होता. पाणी पायऱ्यांवरून खाली चाललेलं आणि बाई कमरेवर हात ठेवून बघतेय. मी आईकडे पाहतच राहिले. हे सगळं हिच्या पोटात होतं, मला पत्ताच नव्हता.

शिकवायला आलेल्या बाईंना ते पसंत पडलं नाही. शेवटच्या चौकटीत उपाय हवा, असा त्यांचा नियम होता. पाण्याची नासाडी दाखवली तर चुकीचा संदेश जातो, असं त्या गोड आवाजात समजावत राहिल्या.

"ताई, यावर उपाय काय ते सांगा ना," त्या म्हणाल्या.

"उपाय असता तर मी हे काढलं असतं का?" आई म्हणाली.

बाईंनी चौथ्या चौकटीवर कोरा कागद चिकटवला आणि स्वतःच चित्र काढून दिलं. नवरा-बायको एकच हंडा दोन बाजूंनी धरून हसत हसत जिना चढताहेत. आमच्या जिन्यात दोन माणसं शेजारी शेजारी मावतसुद्धा नव्हती. खाली मात्र आईचंच नाव राहिलं.

चित्रकथेच्या झेरॉक्स काढून बिल्डिंगा-बिल्डिंगांतून वाटल्या. बाबांना ती फारच आवडली. त्यांनी एक प्रत लॅमिनेट करून हॉलमध्ये लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे, आणि पाहुण्या बायका आईला म्हणायच्या, नशीब काढलंस हो. आई पाणी आणायला आत जायची. मूळ कागद परत मिळाला तर वरचं चित्र खरवडून काढीन, असं ती मला म्हणाली होती. ती दोनदा संस्थेत विचारायला गेली. तो दिल्लीच्या प्रदर्शनात गेला होता आणि तिथून परत आलाच नाही. आईने पुन्हा पेन्सिल हातात धरली नाही. याबद्दल मी त्या बाईंना अजून माफ केलेलं नाही.

पुढे नळाला पाणी आलं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरची माणसं घरी आली होती. बाबा चित्राखाली बसून रंगात आले होते. होणाऱ्या जावयाला सांगत होते की संसारात असं असावं लागतं, त्या काळी आम्ही दोघं मिळून पाणी भरायचो. ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना खरंच तसं आठवायला लागलं होतं.

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "अहो, हंडा कुठल्या बाजूने धरायचात तुम्ही?"

बाबांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या."