आरोहीला ऐकू येतं

माझी सून पौर्णिमा म्हंजे लई चिवट बाई. लग्न होऊन वडवणीला आली तवा मी म्हनलं हुतं, ही काडी काय टिकतीय आमच्या घरात! त्या काडीनं मलाच वाकवलं.

तिची लेक आरोही, माझी नात. तीन वर्साची झाली तरी बोलंना. हाक मारली तर बघंना. भिंतीकडं तोंड करून चमचे मांडत बसायची, एक चमचा हालला की घर डोक्यावर घ्यायची. पन जयंतीचा डीजे वाजला की कान दाबून आत पळायची, आनी मी फुटान्याच्या डब्याचं झाकन उघडलं की परसातनं धावत यायची. म्हंजे ऐकू येत हुतं. मला पक्कं ठावं हुतं.

त्याच साली गावात अपंगांच्या तपासनीचं शिबिर भरलं. पौर्णिमा आईच्या दुखन्यापायी चौसाळ्याला गेलती. विलास, माझा लेक, टेम्पो घेऊन भाईर. मग मीच पोरीला कडेवर घेऊन गेले. तिथं दोन रांगा. एक मूकबधिरांची, एक मेंदूच्या आजाराची. मी दुसरीत उभी ऱ्हायले, तर एक बाई कानात म्हनली, "सिंधुबाई, हितं कावून उभ्या? पोरीवर वेडाचा शिक्का बसंल." तवा माझ्या धाकट्या लेकीची सोयरीक चालू हुती. पाव्हन्यांना कळलं तर? मी गुपचूप रांग बदलली.

डॉक्टरनं हाका मारल्या, आरोही ढिम्म. कानाला यंत्र लावलं, तिनं भिरकावून दिलं. "जन्मापासून ऐकू येत नाही का?" मी म्हनलं, "न्हाई येत, साहेब." अन् रजिस्टरात अंगठा दिला. महिन्यानं मूकबधिराचं सर्टिफिकेट घरी आलं. मला वाटलं, मी लई हुशारी केली.

पौर्णिमानं कागद वाचला नि माझ्याकडं बघितलं. "आत्या, हिला ऐकू येतं की." मी म्हनलं, "गप बस. कागद मिळाला न्हवं?"

दीड वर्सानं ती पोरीला बीडला एका थेरपीवाल्या मॅडमकडं घेऊन गेली. मॅडमनं सांगितलं, हे बहिरेपन न्हाई, ऑटिझम हाय, स्वमग्नता. आठवड्यातनं दोनदा थेरपी लागंल, वर्सानुवर्सं. एवढा खर्च झेपायचा कसा? तर अशा लेकरांसाठी सरकारचा एक विमा हाय, थेरपीची बिलं त्यातनं मिळत्यात. पौर्णिमानं फॉर्म भरला. फॉर्म परत आला. तो विमा ऑटिझमच्या लेकरांना हाय, आनी आमच्या कागदावर मूकबधिर!

मग सुरू झाले हेलपाटे. सर्टिफिकेट दुरुस्त करायला बाई सहा बार बीडला गेली. पोरगी कडेवर, फाईल पिशवीत, पाठीवर पान्याची बाटली. दर बारी अर्ज परत. मी विचारलं तर म्हनायची, "होईल, आत्या. न्हाई कसं होत?" इकडं उसनवारीवर चालू केलेली थेरपी पैशापायी बंद पडली आनी जरा वळून बघाया लागलेली आरोही पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसाया लागली.

सहाव्या बारीचा अर्ज विलासनं मला वाचून दाखवला. 'शिबिराच्या वेळी माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली.' माझ्याकडून! आगं, तू तर त्या दिशी चौसाळ्यात हुतीस! आनी हाफिसवाले तेच म्हनत हुते, रजिस्टरात आजीचा अंगठा हाय, आईचं कसं मानायचं?

"कावून गं माझं पाप आपल्या डोक्यावर घेतीस?"

"तुमाला चार लोकांत मान खाली घालावी लागंल, आत्या. मी अजून धा हेलपाटे घालीन."

मला रडूच फुटलं. आनी रागबी आला, माझाच.

दुसऱ्या दिशी पहिल्या एस्टीनं मी तिच्यासंगं बीडला. हाफिसात बाकावर आमच्याच गावच्या तीन बाया बसलेल्या. क्लार्क म्हनला, "आजी, तेव्हा खोटं का सांगितलं?" आवाज मी बारीक केला न्हाई.

"लाजंपायी, साहेब. लोक वेडी म्हनतील म्हनून. लेकराचं दीड वर्स मी खाल्लं. लिवा, सिंधुबाई खोटं बोलली. कुठं अंगठा देऊ?"

बाया बघतच ऱ्हायल्या. बघू द्या. क्लार्कनं शाईचं पॅड पुढं सरकवलं.

तपासन्या पुन्हा झाल्या, अजून चार चकरा पडल्या. पन नवा कागद आला, त्याच्यावर ऑटिझम लिव्हलेलं. विम्याचं कार्ड आलं. आता मंगळवार-शुक्रवार पौर्णिमा आरोहीला घेऊन बीडला जाती. पोरगी अजून आजी म्हनत न्हाई. म्हनंल तवा म्हनंल, आमाला घाई न्हाई आनी आमी थांबनारबी न्हाई.

परवा बाजारात आरोहीचा हात धरून चालले हुते, तर बांगडीवाली लांबनंच वरडली, "ही तुमची मुकी-बहिरी नात न्हवं का?"

आधी मी मान डोलवून म्होरं गेले असते. आता थांबले. पिशवी खाली ठिवली.

"बहिरी न्हाई. तिला ऑटिझम हाय. आनी हळू बोल, तिला ऐकू येतं."