बर्फाआधीचा नारळ

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. माझी भाची तन्वी, वय बारा, पाचोऱ्यात धान्याच्या रिकाम्या गोदामात चाकांच्या स्केट्सवर गिरक्या शिकली. चाकांवर तिने दोन पदकं मिळवली. उद्या ती पहिल्यांदाच बर्फावरच्या फिगर स्केटिंग स्पर्धेला निघतेय. तसा बर्फ आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही.

गोदामाचे वॉचमन नाना शुभ कामासाठी नारळ घेऊन आले आणि त्यांनी तो थेट फरशीच्या मधोमध फोडला. तन्वी गिरकी घेत आली, चाकं त्या पाण्यावरून घसरली आणि ती धाडकन आपटली.

अपशकुन झाला, असं सगळ्यांच्याच मनात आलं; कोणी म्हणालं नाही, एवढंच. नाना चूक स्वतःवर घेत ओशाळून म्हणाले, "मनीच चूक शे, बेटा," आणि फडकं शोधायला लागले.

तन्वी कोपर चोळत उठली. त्या ओल्या जागेवर तिने एक पाय पुढेमागे सरकवून पाहिला.

"पुसू नका, नाना. अजून एक फोडा."

दुसरा नारळ मी आणून दिला. नानांनी तो फोडला आणि त्या पाण्यावर ती चारदा पडली.

तुमच्यापैकी कोणी बर्फावर उभं राहिलंय का? तो याहून निसरडा असतो का, ती विचारतेय. गाडी उद्या सकाळी आहे.