न झालेल्या गोष्टींचा वर्ग

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चाळिशी ओलांडलेले चार मराठी हवालदार इंग्लिशच्या वर्गात बसवा, आपोआप साचतात.

ऐंशीच्या दशकात आम्ही जयपूरच्या छावणीत होतो. इंग्लिशची परीक्षा पास झालो तर नायब सुभेदार, नाही तर पेन्शन घेऊन घरी. मी चौथी शिकलेला. शेवटची संधी होती.

शिकवायला जवाहर नगरहून जोशीबाई यायच्या. बँकेतल्या साहेबांच्या मिसेस. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "जे घडलेलंच नाही, ते इंग्लिशमध्ये भूतकाळात सांगायचं. इफ आय हॅड अ कार..."

"गाडी होती? मग विकली का?" मी विचारलं.

"कधीच नव्हती हो!"

मी वही बंद केली. असं बोलणारा माणूस मी गेटवरच अडवला असता.

बाई म्हणाल्या, "मोरे, मराठीतही आपण असंच बोलतो." मी म्हणालो, "आमच्या घरी नाही बोलत."

घरी गेलो. बायको म्हणाली, "अहो, शाळेत लक्ष दिलं असतं, तर या वयात घोकंपट्टी करायची वेळ आली नसती!"

मी बंद केलेली वही पुन्हा उघडली.

आमच्या वर्गातला शिंदे चारदीवारीत, म्हणजे जयपूरच्या जुन्या बाजारात गेला. एक हार हातात घेऊन सराफासमोर सराव करू लागला, "इफ आय वॉज रिच, आय वुड बाय धिस." सराफानं चहा मागवला आणि हार डबीत घातला. शिंदे घाबरला. "मतलब, मैं रिच नहीं हूँ!"

"साब, लेने से पहले सब यही बोलते हैं!"

वर्गातल्या पवारनं तर कहर केला. चोर आला असता तर मी पकडला असता, हे वाक्य इंग्लिशमध्ये गार्डच्या वहीत लिहिलं. त्या वहीत लिहिलेलं घडलंच, असा नियम. सकाळी अख्खी गार्ड रांगेत फॉलइन!

"चोर कुठंय?" सुभेदार साहेबांनी विचारलं.

"आला नाही, साहेब."

"मग पकडलास कसा?"

परीक्षा घ्यायला बाहेरचे मेजर साहेब आले. शेजारी आमचे कमांडिंग साहेब चहा घेत बसलेले. मेजर म्हणाले, "इफ यू वेअर द कमांडिंग ऑफिसर, व्हॉट वुड यू डू फर्स्ट?" म्हणजे मी त्या खुर्चीत असतो, तर पहिलं काय केलं असतं.

मला सापळा दिसला. खुर्चीवाला समोर असताना त्याची खुर्ची मला कशाला देता? पण गप्प राहिलो तर नापास. फौजेत चार्ज घेताना आधी सामान मोजतात, आधीच्या माणसाकडून काही कमी तर नाही ना बघतात, मग सही. मी ताठ झालो.

"सर, आय वुड नॉट साइन. फर्स्ट आय वुड काउंट द स्टोअर!"

कमांडिंग साहेबांचा कप हवेतच राहिला. "व्हॉट डू यू मीन, मोरे?"

मेजर साहेबांनी कागदावर खूण केली. म्हणाले, "हिज इंग्लिश इज करेक्ट, सर."