जीव घाबरते

त्या दोन महिन्यांत मी एका जागी बसले नाही. आई अहेरीच्या घरात खाटेला खिळलेली, शेवटचे दिवस चालले होते तिचे. हात पुढे करून म्हणायची, "बस ना बाई जवळ." मी बसायची, विसापर्यंत मोजायची आणि उठून अंगणात जायची. पुन्हा आत, पुन्हा अंगणात. वहिनी भांडी आपटत म्हणायची, "सख्ख्या मायजवळ घडीभर बसवत नाई इले!" खोटं कशाला बोलू, माझ्यातच माया नाही असं मलाही वाटायला लागलं होतं.

त्याआधी माझी झोप उडाली होती. शाळेत शिकवताना भिंतीपलीकडून लोक माझ्याविषयी बोलताहेत असं ऐकू यायचं. चंद्रपूरच्या मनाच्या डॉक्टरनं गोळी दिली आणि गोळी गुणाची निघाली. आवाज गेले, झोप आली. पण महिन्याभरात पाय ऐकेनात. दुखत नव्हते, खाजत नव्हते, नुसते 'चल, चल' म्हणत. डॉक्टरला दाखवायला निघाले तर बसमध्ये मिळालेली सीट सोडून मी चार तास उभी! कंडक्टर वैतागला, "मॅडम, सीट खाली हाय ना, काऊन उभ्या?" काय सांगू त्याला, कपाळ?

डॉक्टर पुण्याकडचा, भला माणूस. मी म्हटलं, "सर, जीव घाबरते." आमच्याकडे जीव घाबरते म्हणजे चैन पडत नाही, आत नुसती कालवाकालव होते. त्यानं विचारलं, "कशाची भीती वाटते?"

"भीती नाई सर, घाबरते."

झालं! त्यानं भीतीच लिहिली आणि गोळी दुप्पट केली. आणि मी, जन्मभर लोकांच्या पोरांना शब्दांचे अर्थ सांगणारी मास्तरीण, मान डोलावून परत आले.

मग तर विचारूच नका. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, आईला पाणी पाजणंही उभ्यानं. ती ओठ पुसायच्या आधी मी दारात असायची. पुन्हा चंद्रपूर गाठलं, तेव्हा व्हरांड्यातल्या माझ्या येरझारा तिथल्या नर्सबाईनं पाहिल्या. ती इकडचीच, मूल गावची. तिनं विचारलं, "मॅडम, मनात घाबरते का पायात?"

"पायात," म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

हाताला धरून तिनं मला आत नेलं. "सर, इकडे घाबरते म्हणजे भीती नसते. मॅडमच्यानं बसवतच नाई." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "चूक माझी. हा तुमचा आजार नाही, गोळीचा परिणाम आहे." त्यानं गोळी कमी केली, जोडीला दुसरी दिली. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, असं बजावलं. पाय थांबायला आठ-दहा दिवस लागतील म्हणाला.

आईजवळ पाचच होते. ते पाचही दिवस मी तिचा हात धरून खाटेशी उभी राहिले, जागच्या जागी पाय उचलत. तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, गोळीनं होते हे. माझ्या मनातून नाई." तिला कळलं की नाही, कुणास ठाऊक. ती म्हणाली, "बस ना."

आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींसमोर मी मांडी घालून दीड तास बसले. पाय गप्प होते आणि मला त्या पायांचाच संताप येत होता.

मागून वहिनी शेजारणीला म्हणाली, "पाहा, आता कशी बसली."