जावेच्या दारचा जोगवा

मी पदवीधर झालो तो सर्वांत जास्त शहागंजातल्या माझ्या घरमालकीण बाईंमुळे. पोलीस ॲक्शननंतर कन्नड गावाहून कॉलेजसाठी शहरात आलो, तेव्हा त्यांनी मला खोली दिली.

बाई जमीनदार घरातल्या. चालणं ताठ, बोलणं हुकमासारखं. पण रोज सकाळी अनवाणी पायांनी पाच घरी देवीच्या नावानं जोगवा मागायच्या. पाचवं घर मुद्दाम जावेचं. जमिनीच्या वाटणीवरून दोघींचं वाकडं होतं.

"एवढी शेती, अन् पीठ मागती!" जाऊ साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची.

"व्हय, मागते. उद्याबी येईन."

एकदा जावेनं पीठ परडीत न घालता उंबऱ्यावर ओतलं. बाईंचे कान लाल झाले. मी पाहत होतो. त्या सावकाश खाली बसल्या, पीठ पदरात भरलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आई, मान अजून ताठच हाय गं. माझ्या एकटीनं नाय वाकत. तूच वाकव."

त्याच वर्षी मी नापास झालो. धाकट्या पोरांशेजारी पुन्हा बसायचं नाही, असं ठरवून कन्नडला निघून गेलो. बाईंनी अडवलं नाही. दोन महिने घरात तोंड लपवून काढले आणि मग त्यांना पत्र टाकलं:

"तीर्थरूप बाई, सोमवारी येतोय. त्याच वर्गात बसणार आहे. देवीला रोज विनवतो, तरी लाज जात नाही. नाही गेली तर नाही. तुमचीही मान ताठच होती, तरी तुम्ही उंबऱ्यावरचं पीठ भरलंत. पोरांना हसू दे. मी पहिल्या बाकावर बसेन."