मोत्यासारखं अक्षर

माझ्या चित्रपुस्तकाला पुरस्कार मिळाला, तेव्हा धडगावच्या एका शाळेने माझा सत्कार ठेवला. शहाद्याहून जीपमध्ये अंग चोरून बसत, घाट चढून मी पोचले, तर मुख्याध्यापकांनी चहाआधी रंगीत खडूंचा डबाच हातात ठेवला. म्हणाले, "ताई, फळा तुम्हीच लिखा. तुम्हनं अक्षर चांगलंच व्हई."

ज्याला चित्र येतं त्याने फळा लिहायचा, हा आमच्याकडचा नियमच आहे. नात्यातल्या लग्नांच्या पाट्या आणि गणपती मंडळाचे बोर्ड रंगवण्यात माझी निम्मी जवानी गेली. पण स्वतःच्याच सत्काराचा फळा? दात-ओठ खात मी 'सुस्वागतम्' लिहिलं, दोन्हीकडे कमळं काढली, अध्यक्षांचं नाव आणि पाहुण्यांची नावं लिहिली. माझ्या नावाला खाली जेमतेम दोन बोटं जागा उरली.

पुस्तक टेबलावर हारांच्या ढिगाखाली दबलं होतं. कुणी ते उघडलंसुद्धा नाही. अध्यक्ष बोलायला उठले आणि त्यांनी थेट फळ्याकडे हात केला. "काय मोत्यासारखं अक्षर आहे मॅडमचं! मुलांनो, असं अक्षर काढा, म्हणजे तुम्हालाही पुरस्कार मिळेल. वाजवा टाळ्या!"

पोरांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. घरी पावरी बोलणाऱ्या याच पोरांना आपल्या भाषेत गोष्ट सांगता यावी, म्हणून मी ते पुस्तक नुसत्या चित्रांचं केलं होतं. त्यात एकही अक्षर नाही.