ओहोटी कुमुदला विचारायची

देवरुखहून कुमुदच्या भावाचा फोन आला तेव्हा मी नातीशी पत्ते खेळताना लबाडी करत होते. "बाई, ताई गेली. झोपेतच." पानं हातात तशीच राहिली... सहा आठवडे होत आले, पण डोळ्यांपुढे अजून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं ते पाणी चढतं आहे.

ऐंशीच्या दशकात मी तिथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. घाटावरची, सव्वीस वर्षांची, समुद्र पुस्तकात पाहिलेली. आणि तेवढा पुरे, अशी माझी ठाम समजूत! माझ्या वर्गातली कुमुद खाडीकाठची; आई खाडीत कालवं काढायची. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर, काखेत कुबड्या. किनाऱ्यावरच्या पहिल्या सहलीत मी तिला सुरूच्या सावलीत बसवलं आणि वर्गाच्या चपला सांभाळायला दिल्या. केवढी माझी दयाबुद्धी! आठवड्याने तिचं जर्नल तपासायला आलं. "अधिवास : कोरडी वाळू. आढळलेले जीव : चपला. प्रकार दोन, पट्ट्याच्या व अंगठ्याच्या." खाली नीटस आकृत्या, भागांना नावं दिलेल्या. मी लाल पेन उचललं आणि माझेच कान लाल झाले.

पण गोष्ट थट्टेवर थांबणारी नव्हती. किनाऱ्यावरच्या निरीक्षणांची नोंद नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. विभागप्रमुख म्हणाले, "तिच्यासाठी सूट मागू. मुलगी पडली तर जबाबदार कोण?"

कुमुद दारातच होती. "सूट नको, सर. पडले तर मी पडेन, तुम्ही नाही."

दुसरी सहल ठरली. शेवाळावर घसरू नये म्हणून कुमुदने कुबड्यांच्या टोकांना काथ्या गुंडाळला. मी कॅलेंडरात मोठ्या ओहोटीची अमावास्या शोधली, पाणी पाचला पूर्ण उतरतं असं काढलं आणि फळ्यावर लिहिलं : पाच वाजता किनाऱ्यावर. कुमुदने हात वर केला. "बाई, तीनला जाऊया." पायांमुळे वेळ मागते आहे, असं वाटून मी मधाळ आवाजात म्हटलं, "घाबरू नकोस गं, आम्ही आहोत ना!" वर्गातली किनाऱ्याकडची मुलं हसली. मला वाटलं, तिलाच हसली.

पाचला पोचलो. कुमुद एकेक कुबडी रोवत खडकावर गेली, एका डबक्यापाशी बसली आणि समुद्रफुलं, शंख, खेकडे वहीत उतरवू लागली. अर्ध्या तासात खडकांमधल्या घळीत पाणी परत शिरलं. मी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं... आमची मागची वाट भिजत होती.

"कुमुद, ऊठ! पाणी!"

"येणारच ना, बाई. ओहोटी संपली की परतायचं असतं. आई पाण्याच्या मागनं उतरते नि पाण्याच्या आधी वर येते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस."

तेवढ्यात तिची कुबडी फटीत अडकली. दोन मुलं तिला उचलायला धावली. "मला नको, बाईंना धरा. पाय बघा त्यांचे, कसे थरथरतायत!" खरंच थरथरत होते. तिने कुबडी सोडवली, वही दातांत धरली आणि गुडघाभर पाण्यातून वाट काढत निघाली. ती टेकेल त्या खडकावर पाय देत मी मागे. वही कोरडी राहिली. कुमुद परीक्षेला बसली. पुढच्या सहली मी तिला विचारून आखल्या : तीनला निघायचं, पाण्याबरोबर सावकाश उतरायचं, डबक्याडबक्यापाशी बसायचं. धावणाऱ्यांनाही त्यानंतरच नीट दिसायला लागलं.

पुढे ती देवरुखच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. तेराव्यानंतर मी तिची प्रयोगशाळा बघायला गेले. बरण्या, सूक्ष्मदर्शक, सगळं गुडघ्याच्या उंचीवर; चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचाही हात पोचेल असं. तिच्या जागी आलेले सर उत्साहाने म्हणाले, "आता उंच टेबलं मागवणार आहोत, आजी." मी गुडघे वाजवत जमिनीवर बसले आणि त्यांनाही बसवलं. समोरच्या बरण्यांवर कुमुदचं अक्षर होतं. ते एकेक वाचत गेले. टेबलांबद्दल मात्र नुसतं 'बघू' म्हणाले... म्हणून दर सोमवारी मी त्यांना फोन करते. हल्ली ते 'हॅलो'सुद्धा म्हणत नाहीत. फोन उचलताच म्हणतात, "नाही मागवली, आजी."